हॅम्लेटचा डेक : शंभर कार्डांत एक शोकांतिका कशी बसवायची

'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात एखाद्या नाटकावर डेक (खेळायचा कार्डांचा गठ्ठा) बांधायचा म्हटलं की बहुतेक जण चित्रांपासून सुरुवात करतात. कवटीचं चित्र दिसलं की ते कार्ड घ्यायचं, भूत दिसलं की घ्यायचं, मुकुट घातलेला कुणीही दिसला की घ्यायचा. अशी शंभर कार्डं भराभर जमतात. टेबलावर मात्र डेक अडखळतो आणि समोरच्याला हे हॅम्लेट आहे हे सांगून समजवावं लागतं. नाटक चित्रांतून येत नाही, खेळाच्या नियमांतून येतं. गादी कुणाकडे आहे, ती कशी हिसकावली गेली, मरताना कोण कुणाला सोबत घेऊन गेलं, हे खेळता खेळता आपोआप घडलं पाहिजे. या लेखातली यादी त्याच हिशेबाने लावली आहे.

प्रकार 'कमांडर'. एक दंतकथेतलं (लेजंडरी) पात्र कमांडर, त्याच्यासोबत ९९ कार्डं, साध्या जमिनी (माना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी शक्ती, देणारी कार्डं) सोडून कुठलंही कार्ड एकदाच. प्रत्येकाला ४० लाइफ. कमांडर मेला तर तो पुन्हा खेळता येतो, पण दर वेळी दोन माना जास्त मोजून. एकाच कमांडरकडून लढाईत २१ डॅमेज बसलं तर खेळाडू बाद. डेकमधल्या कार्डांवर, मजकुरातल्या चिन्हांसकट, कमांडरच्या रंगांबाहेरचं माना-चिन्ह चालत नाही. नवखे इथेच फसतात. कार्ड दिसायला काळं असतं, आणि खाली मजकुरात निळ्या थेंबाचं एक चिन्ह असतं.

नाटक आधी एकदा नीट वाचा. गोष्ट साधारण ठाऊक असणं पुरत नाही, कारण डेकमधली जागा प्रसंगांना द्यायची आहे. आगरकरांनी केलेलं हॅम्लेटचं भाषांतर 'विकारविलसित' १८८३चं आहे. गणपतराव जोशींनी ते रंगभूमीवर गाजवलं. घरी छापायच्या टोकनांवर (खेळताना तयार होणाऱ्या पात्रांच्या खुणेच्या कार्डांवर) एखादी ओळ टाकायची असेल तर तीही तिथूनच घ्या. आगरकर १८९५ साली गेले, त्यामुळे त्या मजकुरावर आता कुणाचा हक्क नाही. अलीकडच्या भाषांतरांचं तसं नाही.

कमांडर कोण?

पहिला मोह असतो तो हॅम्लेटच्या जागी बसेल असं पात्र शोधण्याचा. तो टाळा. डेक हातात धरून बसलेला खेळाडूच हॅम्लेट असतो. संशय घेणारा तोच, वाट पाहणारा तोच, आणि योग्य वेळ आली की नाही यावर घोळ घालणाराही तोच. कमांडर म्हणून दरबार हवा.

त्यासाठी 'क्वीन मार्चेसा'. तिला चार माना लागतात : एक कुठलाही, एक लाल, एक पांढरा, एक काळा. ताकद ३/३ (हल्ला/तग), डेथटच (जरासं डॅमेज केलं तरी समोरचं क्रीचर, म्हणजे लढणारं पात्र, मरतं) आणि हेस्ट (आल्या टर्नलाच हल्ला करता येतो). ती आली की तुम्ही 'मोनार्क' (गादीचा धनी, नियम पुढे आहे) होता. आणि तुमच्या अपकीपला (टर्नच्या सुरुवातीला) मोनार्कपद प्रतिस्पर्ध्याकडे असेल, तर तुम्हाला डेथटच आणि हेस्ट असलेला १/१चा काळा मारेकरी टोकन मिळतो. गादी गेली की मारेकरी जन्माला येतात. एका कार्डात क्लॉडियसचा, म्हणजे भावाला मारून गादी बळकावणाऱ्या हॅम्लेटच्या काकाचा, अख्खा दरबार आला. (मार्चेसा म्हणजे हॅम्लेटची आई गर्ट्रूड असं मात्र समजू नका. गर्ट्रूडने मारेकरी पाठवले नव्हते.)

मोनार्क हा नियम २०१६च्या 'कॉन्स्पिरसी : टेक द क्राउन' या संचात आला. नियम छोटा आहे, तरी टेबलावर सगळ्यात जास्त विसरला जातो तोच. मोनार्क आपल्या एंड स्टेपला (टर्नच्या शेवटी) एक कार्ड घेतो. मोनार्कला कुणाच्या क्रीचरने लढाईत डॅमेज केलं की त्या क्रीचरचा मालक मोनार्क होतो. मोनार्क खेळातून बाहेर पडला तर ज्याचा टर्न चालू आहे त्याच्याकडे पद जातं. एवढं मराठीत एका कार्डाच्या मापाच्या कागदावर छापून टेबलाच्या मध्यभागी ठेवा. नाहीतर प्रत्येक टर्नला 'अरे, तुझं कार्ड राहिलं' चालू राहतं.

एका प्रसंगाला एक कार्ड पुरत नाही

यादीआधी हा हिशेब. सुरुवातीची सात आणि दहा टर्नची दहा मिळून दहाव्या टर्नपर्यंत तुम्ही सतरा कार्डं पाहता. ९९ कार्डांत तुमचं लाडकं कार्ड एकच असेल तर ते या सतरांत येण्याची शक्यता १७ टक्के, म्हणजे साधारण सहा खेळांतून एकदा. तेच काम करणारी चार कार्डं ठेवली तर त्यातलं किमान एक दिसण्याची शक्यता ५३ टक्क्यांवर जाते, पाच ठेवली तर ६२. म्हणून प्रसंग मोजकेच घ्या आणि प्रत्येकाला चार-पाच कार्डं द्या. वीस प्रसंगांना एकेक कार्ड दिलं की त्यातला एकही धड होत नाही.

विभागणी अशी : कमांडर १, जमिनी ३७, माना देणाऱ्या वस्तू १०, बाकी ५२.

माना देणाऱ्या दहांमध्ये नाटक शोधू नका. सोल रिंग, आर्केन सिग्नेट, ऑरझोव्ह, रॅकडोस आणि बोरोस सिग्नेट, टॅलिस्मन ऑफ हायरार्की, टॅलिस्मन ऑफ इंडल्जन्स, टॅलिस्मन ऑफ कन्व्हिक्शन, कमांडर्स स्फिअर, फेलवॉर स्टोन. पहिल्या तीन टर्नची मिळून दहा कार्डं हातात येतात, त्यात यातलं किमान एक असण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के आहे. हे दहाचे सहा करून चार 'भुतांची' कार्डं घुसवली की डेक चौथ्या टर्नला नुसता बसून राहतो.

गादी : ११ कार्डं

कस्टोडी लिच, पॅलेस जेलर, नाइट्स ऑफ द ब्लॅक रोझ, थॉर्न ऑफ द ब्लॅक रोझ, पॅलेस सेंटिनल्स, प्रोटेक्टर ऑफ द क्राउन, आर्कन ऑफ कॉरोनेशन, मार्चेसाज डिक्री, कोर्ट ऑफ ग्रेस, कोर्ट ऑफ अँबिशन, थ्रोन वॉर्डन. शेवटचा सोडला तर सगळे आल्या आल्या तुम्हाला मोनार्क करतात.

पॅलेस सेंटिनल्स म्हणजे पहिल्या अंकातले रात्रीचे पहारेकरी. थॉर्न ऑफ द ब्लॅक रोझ हा डेथटचवाला मारेकरी हॅम्लेटशी द्वंद्व लढणाऱ्या, विषारी तलवारीच्या लेअर्टिसच्या जागी चपखल बसतो. पॅलेस जेलर जपून वापरा. तो प्रतिस्पर्ध्याचं एक क्रीचर बाहेर काढतो, पण कुणीही प्रतिस्पर्धी मोनार्क झाला की ते परत येतं. त्यामुळे टेबलावरचं सगळ्यात धोकादायक क्रीचर जेलरकडे देऊ नका. दोन-तीन टर्न गायब राहिलं तरी पुरे असं दुसऱ्या क्रमांकाचं द्या. कस्टोडी लिच मात्र प्रत्येक वेळी तुम्ही मोनार्क झालात की कुणाला तरी क्रीचर सॅक्रिफाइस करायला (स्वतःच्या हाताने बळी द्यायला) लावतो. गादी गमावून परत मिळवण्यातही फायदा आहे, हे या डेकचं मर्म त्याच्यात आहे.

तुरुंग : ५

डेन्मार्क हा तुरुंग आहे, हे हॅम्लेट दुसऱ्या अंकात बोलतो. घोस्टली प्रिझन, विंडबॉर्न म्यूझ, स्फिअर ऑफ सेफ्टी, क्रॉलस्पेस, नो मर्सी. पहिली दोन तुमच्यावर हल्ला करणाऱ्या प्रत्येक क्रीचरमागे दोन माना मागतात. स्फिअरचा दर तुमच्याकडच्या एनचँटमेंटइतका (टेबलावर टिकून राहणाऱ्या जादूच्या कार्डांइतका) असतो, आणि या यादीत एकूण बारा एनचँटमेंट आहेत. क्रॉलस्पेसमुळे एका वेळी दोनच क्रीचर तुमच्यावर येऊ शकतात.

पाचच्या वर जाऊ नका. भिंत इतकी भक्कम झाली की तुमच्याकडे कुणी फिरकतच नाही, मग गादी हलत नाही, मारेकरी येत नाहीत आणि खेळ तीन तास रेंगाळतो. तीनच जण खेळत असाल (परभणी-हिंगोलीकडे चौथा गडी मिळायची मारामारच असते) तर क्रॉलस्पेस काढा आणि त्या जागी डेथटचवाला एखादा स्वस्त क्रीचर घाला.

भूत आणि कानातली कुजबुज : ८

सेऑन्स, कार्मिक गाइड, नाइट्स व्हिस्पर, पेनफुल ट्रूथ्स, रीड द बोन्स, टॉर्मेंटिंग व्हॉइस, फिरेक्सियन अरीना, फेथलेस लूटिंग. बहुतेक कार्ड ओढण्यासाठी आहेत, आणि काळ्या रंगात त्याची किंमत लाइफ मोजून द्यावी लागते. बापाच्या भुताकडून सत्य कळतं ते असंच.

यातलं सेऑन्स नीट समजून घ्या. प्रत्येक खेळाडूच्या अपकीपला तुम्ही आपल्या ग्रेव्हयार्डमधलं (मेलेल्या, वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातलं) एक क्रीचर एक्झाइल करून (खेळाबाहेर काढून) त्याची भूतरूपी नक्कल बनवू शकता. ती पुढच्या एंड स्टेपपर्यंतच टिकते. समजा प्रतिस्पर्धी मोनार्क आहे आणि तुमच्या ग्रेव्हयार्डमध्ये पॅलेस सेंटिनल्स आहे. त्याच्याच अपकीपला भूत उभं करा. तुम्ही मोनार्क झालात, आणि त्याने याच टर्नला तुम्हाला फटका मारून पद परत नेलं नाही, तर एंड स्टेपचं कार्ड त्याला मिळत नाही. चूक होते ती घाईची. मूळ कार्ड कायमचं एक्झाइल होतं, म्हणून आर्कन ऑफ कॉरोनेशन पहिल्याच संधीला भूत करून उडवू नका. तो व्हिक्टिमाइझने जिवंत परत आणायचा असतो.

नट आणि कबर खणणारा : ४

फेल्डन ऑफ द थर्ड पाथ मेलेल्या क्रीचरची एका टर्नपुरती नक्कल उभी करतो, म्हणजे दरबारात आलेली नाटकमंडळी. ग्रेव्हडिगर, त्याच्यासोबत व्हिक्टिमाइझ. चौथं स्कलक्लँप, ही राजविदूषक योरिकची कवटी.

स्कलक्लँपची किंमत एक माना आणि इक्विपही (क्रीचरला बांधण्याची किंमत) एक. ते क्रीचरला +१/-१ देतं आणि क्रीचर मेलं की दोन कार्डं मिळतात. १/१च्या मारेकऱ्याला बांधलं की तो जागीच मरतो. शेजारी ग्रेव्ह पॅक्ट असेल तर एका मानात तुम्हाला दोन कार्डं मिळतात आणि बाकी प्रत्येकाला एकेक क्रीचर सॅक्रिफाइस करावं लागतं. अख्ख्या डेकमध्ये याहून स्वस्त आणि याहून क्रूर चाल नाही.

खून : १०

मर्डर, पॉइझन द कप, ट्रॅजिक स्लिप, मॉर्टिफाय, अँग्विश्ड अनमेकिंग, डेस्पार्क, पाथ टु एक्झाइल, स्वोर्ड्स टु प्लाउशेअर्स, रॉयल असॅसिन, व्हँडलब्लास्ट.

पॉइझन द कप म्हणजे गर्ट्रूडने उचललेला पेला. आधी फोरटेल करून ठेवलं तर मारण्यासोबत स्क्राय २ (डेकवरची दोन कार्डं बघून लावणं) मिळतो, त्यामुळे मोकळ्या टर्नला ते उपडं करून ठेवायची सवय लावा. ट्रॅजिक स्लिप हॅम्लेटच्या प्रेयसीचं, ओफेलियाचं. एका मानात साधं -१/-१, पण त्या टर्नला आधी कुणी मेलं असेल तर -१३/-१३. म्हणजे ती कुणाच्या तरी मरणानंतरच जाते, नाटकातही बापानंतरच गेली. मॉर्टिफाय क्रीचर किंवा एनचँटमेंट दोन्ही मोडतं, ते पडद्याआडच्या पोलोनियसला, ओफेलियाच्या बापाला. पाथ टु एक्झाइल म्हणजे हॅम्लेटची इंग्लंडला रवानगी.

स्वोर्ड्स टु प्लाउशेअर्सला नाटकात जागा नाही. व्हँडलब्लास्टलाही नाही. तरी दोन्ही ठेवा. एका मानात क्रीचर बाजूला करणारं आणि समोरच्याच्या वस्तू फोडणारं कार्ड डेकमध्ये नसेल तर पाचव्या अंकापर्यंत पोचायच्या आतच तुम्ही हरता. जबरदस्तीने जोडलेला संदर्भ टेबलावर कुणालाच पटत नाही. अशा वेळी सरळ 'हे कामाचं कार्ड आहे' म्हणून मोकळं व्हावं.

द्वंद्व : ४

बॅसिलिस्क कॉलर, क्वाएटस स्पाइक, ड्युएलिस्ट्स हेरिटेज, स्विफ्टफूट बूट्स. क्वाएटस स्पाइक बांधलेल्या क्रीचरने खेळाडूला लढाईत डॅमेज केलं की त्याचं निम्मं लाइफ जातं, अपूर्णांक वरच्या बाजूला धरून. एखाद्या मारेकऱ्याला ते बांधा आणि हेरिटेजने डबल स्ट्राइक द्या. ४० लाइफवरच्या खेळाडूवर पहिला वार : १ डॅमेज, ३९ उरले, २० गेले, १९ राहिले. दुसरा वार : १८ उरले, ९ गेले, ९ राहिले. टेबल अवाक होतं. ड्युएलिस्ट्स हेरिटेज इतरांच्या हल्ल्यातही लागू होतं. तुमच्या दोन शत्रूंच्या भांडणात एकाच्या क्रीचरला डबल स्ट्राइक देता येतो, आणि कारस्थान म्हणजे हेच.

सूड आणि शेवटचा अंक : १०

ग्रेव्ह पॅक्ट, डिक्टेट ऑफ एरेबॉस, ब्लड आर्टिस्ट, झुलापोर्ट कटथ्रोट ही चार तुमचं एक मेलं की दुसऱ्याचंही काही तरी ओढून नेतात. डे ऑफ जजमेंट, डॅम, लिव्हिंग डेथ आणि मार्शल कू ही शेवटचा अंक घडवतात. आणि नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास म्हणून एड्रियाना, कॅप्टन ऑफ द गार्ड आणि असेंबल द लीजन.

मार्शल कू हे या डेकचं उत्तम कार्ड आहे. एक्स आणि दोन पांढरे माना, एक्स इतके सैनिक, आणि एक्स पाच किंवा जास्त असेल तर बाकी सगळी क्रीचर नष्ट. सात माना लागतात. सगळे मेलेले पडलेत आणि परका राजा सैन्य घेऊन रंगमंचावर येतो, ते दृश्य जसंच्या तसं. लिव्हिंग डेथ खेळण्याआधी मात्र समोरच्यांची ग्रेव्हयार्डं बघा, कारण त्यांचंही सगळं परत येतं. समोरच्याचं ग्रेव्हयार्ड रिकामं करणारी बोजुका बॉग त्यासाठीच जमिनींत ठेवली आहे.

जमिनी : ३७

सात कार्डांच्या पहिल्या हातात ३७ जमिनींनी सरासरी २.६ जमिनी येतात. ३५वर नेऊ नका, चार मानांची राणी वेळेवर येत नाही.

कमांड टॉवर, नोमॅड आउटपोस्ट, एक्झॉटिक ऑर्चर्ड, पाथ ऑफ अँसेस्ट्री, बॅटलफील्ड फोर्ज, केव्हज ऑफ कॉइलॉस, सल्फ्युरस स्प्रिंग्ज, टेंपल ऑफ सायलेन्स, टेंपल ऑफ मॅलिस, टेंपल ऑफ ट्रायम्फ, इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स, टेरामॉर्फिक एक्सपान्स, मॉर्च्युअरी मायर, बोजुका बॉग, व्हॉल्ट ऑफ द आर्केंजल, थ्रोन ऑफ द हाय सिटी. ही सोळा झाली. उरलेल्या २१ साध्या : ९ स्वॉम्प, ८ प्लेन्स, ४ माउंटन.

माउंटन चारच, कारण राणी सोडली तर लाल माना मागणारी कार्डं फक्त सहा आहेत. रंग समान वाटून सात-सात-सात ठेवणं ही नेहमीची चूक. मग तीन काळे माना मागणारं ग्रेव्ह पॅक्ट हातात कुजतं. थ्रोन ऑफ द हाय सिटी रंगीत माना देत नाही, पण चार माना भरून ती सॅक्रिफाइस केली की तुम्ही मोनार्क होता. शेवटच्या गरजेसाठी ती राखून ठेवा.

बजेट कमी असेल तर फोर्ज, केव्हज, स्प्रिंग्ज यांच्याऐवजी विंड-स्कार्ड क्रॅग, स्कोअर्ड बॅरन्स, ब्लडफेल केव्हज घ्या. त्या आडव्या (आल्या टर्नला न वापरता येणाऱ्या) येतात, पण एक लाइफ देतात. ग्रेव्ह पॅक्टच्या जागी बुचर ऑफ मलाकिर चालतो, सात माना लागतात एवढंच. डॅमच्या जागी कायाज रॅथ.

खेळायचं कसं

पहिल्या तीन टर्नला माना आणि कुजबुज. राणी चौथ्या टर्नला, सिग्नेट हातात असेल तर तिसऱ्याला. टेबलावर तुमचं अडवायला काहीच नसेल तर राणीची घाई करू नका, कारण मोनार्क झाल्या झाल्या तिघांचे हल्ले तुमच्यावर येतात. आधी घोस्टली प्रिझन किंवा डेथटचवालं एखादं क्रीचर, मग राणी.

मधल्या टप्प्यात एकदा गादी जाऊ द्या. छोट्या क्रीचरचा एक हल्ला अडवू नका. पुढच्या अपकीपला मारेकरी मिळतो, तो हेस्टवाला असतो आणि त्याच टर्नला नव्या राजावर जाऊ शकतो. डेथटचमुळे त्याला अडवायला कुणी क्रीचर पुढे करत नाही. फटका लागला की गादी परत तुमची. शक्यतो ज्याच्याकडे कमी क्रीचर आहेत त्याच्याच हाती ती जाऊ द्या. मोठी फौज असलेल्याकडे गेली तर पुढचे चार टर्न ती दिसत नाही.

सगळं साफ करणारं कार्ड केव्हा खेळायचं यावर हा डेक जिंकतो-हरतो. लवकर खेळलं तर समोरचे पुन्हा उभे राहतात. फार थांबलं तर हातातच राहतं, आणि हॅम्लेटचं झालं ते तुमचं होतं. ढोबळ नियम असा : टेबलावर तुमची दोन तरी एनचँटमेंट असावीत (ती डे ऑफ जजमेंटमधून वाचतात) आणि समोरच्या तिघांची मिळून क्रीचर तुमच्यापेक्षा किमान पाच जास्त असावीत.

खऱ्या खेळाआधी घरी एकट्याने दहा हात वाटून बघा. प्रत्येक हातासाठी वहीत दोनच गोष्टी लिहा : चौथ्या टर्नला किती माना होते, आणि राणी कितव्या टर्नला आली. दहापैकी चार-पाच वेळा राणी सहाव्या टर्नच्या पुढे गेली तर दोष जमिनींच्या रंगांत आहे, त्यांच्या संख्येत नाही. कमांडरमध्ये चौघांच्या टेबलावर पहिला मलिगन (हात टाकून नवा घेणं) फुकट असतो. दोन जमिनींचा हात 'बघू' म्हणून ठेवू नका.

या यादीत सध्याच्या पद्धतीप्रमाणे एकही 'गेम चेंजर' (अतिताकदवान ठरवलेलं कार्ड) नाही आणि न संपणारी साखळीही नाही. नव्या टेबलावर बसताना डेक दुसऱ्या ब्रॅकेटचा (ताकदीच्या पायरीचा) आहे असं आधीच सांगा.

कार्डं आणायची कुठून

संभाजीनगर सोडलं तर मराठवाड्यात एकेक सुटं कार्ड विकणारं दुकान सापडणं अवघड, आणि तिथेही हवं ते मिळेलच असं नाही. मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या विक्रेत्यांकडून ऑनलाइन मागवावं लागतं. यादी तीन जणांकडे तोडू नका. स्वस्त कार्डांचं गणित कुरिअरच्या खर्चावर बिघडतं. लातूर-नांदेडला दोघं-तिघं मिळून एकच ऑर्डर टाका. जून ते सप्टेंबर मागवत असाल तर आतलं पाकीट प्लॅस्टिकमध्ये चिकटपट्टीने बंद करून पाठवा असं विक्रेत्याला आधीच लिहा.

महाग कार्ड हातात आलं की तपासा. सराफ वापरतात तसं भिंग पुरतं. मागच्या बाजूच्या हिरव्या वर्तुळात चार लाल ठिपके दिसले पाहिजेत, इंग्रजी 'एल' अक्षरासारखे मांडलेले. चित्राचे रंग बारीक ठिपक्यांच्या जाळीने बनलेले असतात आणि काळी अक्षरं सलग शाईची. अक्षरांतही ठिपके दिसले तर कार्ड बनावट.

घरच्या खेळात महाग कार्डाऐवजी कागदावर छापलेली प्रत चालते, टेबलावरच्यांना आधी विचारून. अधिकृत स्पर्धेत ती चालत नाही, आणि विकायची तर कधीच नाही. साध्या ८० जीएसएम कागदावर छापा, कापा आणि स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लॅस्टिक पाकिटात) एखाद्या फालतू खऱ्या कार्डाच्या पुढे सरकवा. जाड कागद वापरला तर खरं कार्ड आणि प्रत मिळून इतकं जाड होतं की पिसताना हाताला कळतं.

टोकन आणि छपाई

लागतात ते : मारेकरी ६, उडणारे भूत १/१ चार, देवदूत ४/४ तीन, पांढरे सैनिक १०, असेंबल द लीजनचे लाल-पांढरे सैनिक १०, आणि मोनार्कची एक खूण. दोन्ही सैनिक १/१च असतात, पण लाल-पांढऱ्यांना हेस्ट असतो. एकच चित्र वापरलं तर गोंधळ होतो.

टोकनांवर आपल्याकडचं चित्र टाका. नाटकातला एल्सिनोरचा किल्ला म्हणून दौलताबाद आहेच, त्यातली अंधारी (काळोखी भुयारी वाट) तर पोलोनियसच्या प्रसंगासाठीच बांधल्यासारखी आहे. ओफेलियासाठी धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गचा पाणीमहाल, बोरी नदीच्या बंधाऱ्यातला. फोटो स्वतः काढलेला असावा.

कार्डाचं माप ६३ × ८८ मिलिमीटर. ३०० डीपीआयला ७४४ × १०३९ पिक्सेल. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी सोडलेली जादा कड) धरला तर ८१५ × १११०. ब्लीड न सोडता ए-४वर तीन बाय तीन अशी नऊ बसतात, म्हणून एकूण ३४ टोकनांना चार पानं. कागद ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात किंवा तुमच्या गावच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे जाताना तीन गोष्टी ठासून सांगा. छपाई १०० टक्के मापात हवी, 'फिट टु पेज' लावलं की पान लहान होतं आणि कार्ड स्लीव्हमध्ये खुळखुळतं. पहिलं पान काढलं की पट्टीने मोजा, मगच पुढची. आणि फाइल पीडीएफच द्या, फॉन्ट आत एम्बेड करून. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालतात, आणि युनिकोडमधला मजकूर त्यांनी उघडून परत सेव्ह केला की वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात. देवनागरी अक्षर ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका, रफार भरून जातो. लॅमिनेशन नको, कडा सुटतात आणि स्लीव्हमध्ये शिरत नाही.

सांभाळायचं कसं

बाहेरची स्लीव्ह ६६ × ९१ मिलिमीटरची, आतली घट्ट बसणारी वेगळी. आतली वरून खाली घाला आणि बाहेरचीचं तोंड वर ठेवा, म्हणजे दोन्ही उघडी तोंडं विरुद्ध बाजूंना राहतात आणि धूळ कार्डापर्यंत पोचत नाही. बाहेरच्या स्लीव्हची पाकिटं एकाच रंगाची आणि एकाच वेळी दोन घ्या. डेक बरोबर शंभरचा असतो, एक स्लीव्ह फाटली की दुसऱ्या लॉटमधला रंग किंचित वेगळा निघतो आणि ते कार्ड पाठीमागून ओळखू येतं. डबा डबल स्लीव्हच्या १०० कार्डांचा हवा. साध्या शंभरच्या डब्यात ती कोंबली की कडा वाकतात.

फॉइल कार्ड या डेकसाठी शक्यतो घेऊ नका. चकचकीत थर आणि कागद ओल सारखी शोषत नाहीत. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात ते एका बाजूला वाकतं आणि जुलैत दुसऱ्या. वाकलेलं कार्ड डेकमध्ये उठून दिसतं, आणि ते खुणेचं कार्ड ठरतं. राणी फॉइल असली तर चालते, कारण ती डेकमध्ये पिसली जात नाही. डबा पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि त्या पावसाळ्यात दर महिन्याला बदला. खेळताना पंखा हवाच, पण कागदी टोकनं स्लीव्हमध्ये घालूनच मांडा, नाहीतर रेग्युलेटर पाचवर गेला की फोर्टिनब्रासचं सैन्य कॉटखाली जातं.